हात त्यांचा, घसा माझा

सिनाकांतान
१७ ऑगस्ट २००४

रोमिन,

आशीर्वाद आहेतच, पण ते शेवटी देईन. आधी ऐक.

सान लोरेन्सोच्या जत्रेला आलास, राहिलास, माझ्या हातची कोंबडी चापलीस, आणि जाताना तुझ्या दाजींच्या कानात काय मंत्र फुंकून गेलास? "दाजी, कोला सोडा. थेंबसुद्धा नको. बाटली हातात धरलीत तरी संपलं." तू दवाखान्यातला माणूस, पांढरा कोट घालतोस, तुझा शब्द ह्यांना देवाचा. दुसऱ्याच दिवशी मेणबत्त्या घेऊन गेले आणि सान लोरेन्सोपुढे गुडघे टेकून शपथ घेऊन आले. मला विचारलं? नाही. मला सांगितलं, तेही देवळातून परत आल्यावर.

मी म्हटलं, बरं झालं. पोट आठव्या महिन्यातल्या बाईसारखं पुढे आलंय, साखर वाढलीय, सोडतायत तर सोडू देत.

परवा उजाडता उजाडता कुत्रं भुंकलं. मी चुलीपाशी भाकऱ्या थापत होते. बाहेर मात्यो, म्हणजे लुकाशचा बाप. बरोबर त्याची बायको, दोघे भाऊ आणि बोलणी करायला म्हातारा शाप. आणि कोलाचे खोके. आता खोके डोक्यावर घेऊन पहाटे पहाटे कुणी हवापाण्याच्या गप्पा मारायला येतं का? आपल्या शुंकाला मागणी घालायला आले होते. सगळे अंगणातल्या क्रुसापुढे गुडघ्यांवर बसले. मात्योने बाटलीचं बूच उडवलं आणि ह्यांच्यापुढे धरली.

रीत तुला मी सांगायला हवी का? बापाने आधी नाही म्हणायचं. मुलगी लहान आहे म्हणायचं, आळशी आहे म्हणायचं, तिची भाकरी कुत्रं खात नाही म्हणायचं. दोनचारदा हाकलायचं आणि मग बाटली घेऊन प्यायची. प्याला की लग्न ठरलं. ह्यांनी काय करावं? ना मुलगी लहान म्हणाले, ना आळशी. दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि म्हणाले, "भाऊ, मी कोला सोडलाय."

रोमिन, या डोंगरात कोला सोडलेला माणूस कुणी पाहिलाय का? दारू सोडलेले शंभर सापडतील; दारूच्या जागीच तर कोला आला. मात्योला वाटलं, नाही म्हणायचं होतं तर निदान बरं कारण तरी शोधायचं. तो उठला, गुडघे झटकले, खोके परत डोक्यावर चढले. मी पिठाच्या हातांनी बाहेर धावले तोवर ते वळणापलीकडे गेले होते.

पोरगी तेव्हापासून धड जेवली नाही. इकडे मुलीचं लग्न मोडतंय आणि बाप आरशात पोट बघतोय. तू लगेच लिही, की मागणीचा एक घोट चालतो. दुकानातल्या फोनवर हे बोलायची सोय नाही, अर्धा गाव रांगेत कान लावून उभा असतो. म्हणून शुंकाला लिहायला बसवलंय. तुश्त्लाला जाणाऱ्या फुलांच्या गाडीवर पत्र देते, त्याच गाडीवर उत्तर धाड.

आशीर्वाद.
तुझी ताई, काताल

मामा, हे खालचं आईने सांगितलेलं नाही. लुकाश म्हणतो, त्याचे वडील फार दुखावलेत पण तो थांबेल. मला लुकाशच हवाय. पण बाबांचे पायही हवेत, आजोबांसारखं व्हायला नको. काय करायचं ते सांगा. शुंका.


तुश्त्ला
२९ ऑगस्ट २००४

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचताना कान लाल झाले. मात्योकाका नेमके त्याच आठवड्यात येतील हे मला कुठून कळणार? पण एक घोट चालतो असं मी लिहून देणार नाही. रागव.

आपल्या बाबांचा पाय आठवतो? आधी अंगठा काळा पडला, मग घोट्यापर्यंत कापला, मग गुडघ्यापर्यंत. आणि आपण काय करत होतो? अंगात ताकद यावी म्हणून त्यांच्या उशाशी कोलाच्या बाटल्या लावत होतो. दाजींची साखर मी जत्रेत तपासली, आणि आकडा चुकला असेल म्हणून परत तपासली. त्यांना मी सगळं सांगितलं नाही.

तू विचारशील, एवढ्याशा बाटलीने काय होतं? ताई, भाकरी खाल्ली की पोट सांगतं, पुरे. बाटलीतल्या साखरेचा पोटाला पत्ताच लागत नाही. माणूस पितो आणि वर तेवढंच जेवतो. दाजी दिवसभरात पीत होते त्या बाटल्यांतली साखर ताटात ओतून ठेवलीस तर बघूनच मळमळेल. ती बंद झाली की वजन उतरतं. पहिल्या महिन्यातच फरक दिसेल.

मागणीचं म्हणशील तर उपाय सोपा आहे. मात्योकाकांना नीट समजावून सांग आणि पुढच्या वेळी पाणी घेऊन यायला सांग. साधं, उकळलेलं पाणी. शेवटी भावना महत्त्वाची.

दाजींचं वजन करून कळव. गावात काटा नसेल तर मक्याच्या व्यापाऱ्याकडचा चालेल.

तुझा,
रोमिन


सिनाकांतान
२६ सप्टेंबर २००४

रोमिन,

भावना महत्त्वाची म्हणे! तुझी भावना घे आणि तुश्त्लाच्या नदीत सोड.

पाण्यावर मुलगी द्यायची? पाणी आपण कोंबड्यांपुढे ठेवतो. उद्या शुंका सासरी भांडली की सासू म्हणेल, "गप बस, नळाच्या तोटीवर आलेली तू!" शहरात राहून तुझं डोकं पार धुतलं गेलंय. म्हाताऱ्या शापला तुझा उपाय सांगितला तर तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मग ठसक्यावर त्याने काय प्यायलं असेल ते ओळख.

वजन केलं. तुझ्या दाजींना मक्याच्या काट्यावर बसवलं, बाजाराच्या दिवशी, सगळ्या गावादेखत. व्यापारी म्हणतो, "आंतुन, तुला पोत्यात घालू की सुटाच विकू?" तुझं पत्र आलं तेव्हा केलं होतं तेवढंच भरलं. वर थोडं जास्तच. आता बोल, दवाखान्यातल्या शहाण्या! कोला गेला, लग्न गेलं, आणि पोट जागच्या जागी. बिचारे खातात तरी काय? सकाळी मक्याची पेज गूळ घालून, दोन तांबे, कारण कोला नाही तर अंगात त्राण कसं राहणार? मळ्यात जाताना अननसाचा रस. संध्याकाळी चारदोन गोड पाव. "एवढं सोडलंय मी, तर पाव खायचा हक्क आहे मला," म्हणतात. मीही म्हणते, खा बाबा.

आणि हे ठिकठिकाणी नाही म्हणत सुटलेत त्याचं काय? मयताला गेलो, घरच्यांनी बाटली पुढे केली, हे म्हणाले नको. मेलेल्याच्या घरी! पाण्याच्या पाळीवरून भांडलेला शेजारी माफी मागायला आला, बाटली पुढे केली, हे म्हणाले नको. तो समजला, माफी नाही. परत भांडण. मी म्हटलं, निदान हातात घ्या आणि म्हाताऱ्यांसारखी घरी न्यायला डब्यात ओता. तर म्हणतात, "धडधाकट माणसाने ओतलं तर लोक म्हणतील, आमचं विष वाटलं का." हे मात्र खरं आहे. शेवटी आता मीच सावरते. कुणी बाटली काढली की मी पुढे होते, म्हणते, "ह्यांचं पोट बिघडलंय, ह्यांच्या वाटची मला दे." बायको प्याली तर घर प्यालं, असं लोक कसंबसं मानून घेतात. चार घरं तुटता तुटता राहिली ती अशी.

मात्योची समजूत काढायला मी शापच्या हातापाया पडले. मात्यो म्हणतो, मृतांचा दिवस होऊन फुलांची घाई संपली की एकदाच येईन. फक्त एकदा. आणि बाटली बापाच्या हातात गेली पाहिजे, बायकोच्या नाही. तेव्हाही हात पाठीमागे गेले तर लुकाशसाठी पलीकडच्या गावातली मुलगी बघून ठेवलीय.

काताल

मामा, हे माझं. आई सगळ्यांच्या वाटच्या बाटल्या पिते. घरी आलेल्या, बाहेरच्या, सगळ्या. ओतून दिल्या तर पाप लागेल म्हणते. तिचा लाल कमरपट्टा पूर्वी तीन वेढे बसायचा, आता दोनच बसतो. तिला सांगू नका मी लिहिलं म्हणून. शुंका.


तुश्त्ला
१० ऑक्टोबर २००४

प्रिय ताई,

गुळाची पेज! दोन तांबे! अननसाचा रस! ताई, तुझं पत्र मी दवाखान्यात वाचलं आणि कपाळावर हात मारला तो इतक्या जोरात, की डॉक्टरीणबाई विचारायला लागल्या कोण गेलं.

पुढच्या दाराने कोला हाकलायचा आणि मागच्या दाराने गूळ आत घ्यायचा, मग वजन कसं उतरणार? कोला काळा असतो म्हणून वाईट नाही, त्यातल्या साखरेमुळे वाईट. आजपासून पेज बिनगुळाची. रस बंद, अननस खायचा असेल तर फोड खायची. गोड पाव रविवारी एक. तहान लागली तर पाणी, हो, तेच कोंबड्यांचं.

तू बाटली मधल्यामध्ये घेतेस ही युक्ती उत्तम. माणसंही दुखावत नाहीत आणि दाजींची शपथही राहते. तू घरात आहेस म्हणून हे निभतंय. अशीच सांभाळ. मागणीच्या दिवशीही काहीतरी असंच जमवता येईल.

दाजींना माझा नमस्कार. नोव्हेंबरमध्ये पुन्हा वजन करा आणि आकडा कळवा.

रोमिन


सिनाकांतान
१४ नोव्हेंबर २००४

रोमिन,

घे, नाच आता. तुझ्या दाजींचं वजन उतरलं. नुसतं नाही, धडाधड उतरलं. पेजेतला गूळ काढला तेव्हा आठवडाभर तोंड वाकडं करून बसले, चुलीशी बोलायचे, माझ्याशी नाही. मग आपोआप भूक मेली. पोट आत गेलं, विजार दोरीने बांधावी लागते. मळ्यात टोपल्या उचलतात तर पोरांना मागे टाकतात. काट्यावर बसले तर व्यापारी म्हणाला, "आंतुन, तुझा भाव पडला रे!" आणि गावात काय म्हणतात ऐक. "आंतुनचं वजन उतरलं, गावात होतं तेसुद्धा." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. खरं सांगते, मला बरं वाटलं. बाबांसारखा ह्यांचा पाय जाणार या भीतीने मी किती महिने झोपेत ह्यांचे अंगठे चाचपत होते, ते तुला माहीत नाही.

पण माझं डोकं सध्या ताळ्यावर नाही. मृतांचा दिवस म्हणजे घरोघर जाणं आणि घरोघर बाटली. फुलांचे व्यापारी आले, बाटली. पाण्याच्या पाळ्या बघणारा पाटकरी नेमायला पंच आले, बाटली. बाबांच्या थडग्यावर आम्ही दोन ठेवल्या, त्यांना आवडायच्या म्हणून. दुसऱ्या दिवशी त्याही घरी आणल्या. टाकणार कुठे? हे सुटले, आणि मी सापडले. सगळ्याचा वीट आलाय. कुणी बोललं की अंगावर जावंसं वाटतं. शुंका म्हणते मी कुत्र्यावरही ओरडते. ओरडते, कारण ते ऐकत नाही.

मागणीचं जमवलंय. मात्यो पाच डिसेंबरला येणार. मी ह्यांच्या मागे शाल पांघरून बसणार. बाटली हे हातात घेणार, एवढ्यावर ह्यांना मोठ्या मिनतवारीने राजी केलं. हातात घेतल्याने शपथ मोडत नाही, तुझं ते "हातात धरलीत तरी संपलं" मी पुसून टाकलं. मग शालीखालून बाटली माझ्याकडे. मी प्यायची, रिकामी परत द्यायची. हात त्यांचा, घसा माझा. शाप म्हणाला, तो तेव्हा क्रुसाकडे बघत बसेल. मागणी म्हणजे एकदोन बाटल्यांवर भागत नाही हे तुला ठाऊक आहे. त्यांच्यातल्या प्रत्येकाची एकेक घ्यावी लागते, आणि मग फेऱ्या. होईल. लग्न ठरलं की झालं.

काताल

मामा, आईने सांगितलेलं वर संपलं. आता माझं नीट वाचा, मागच्या वेळी तुम्ही वाचलंत पण काही बोलला नाहीत. आई माठ संपवते इतकं पाणी पिते आणि तरी तोंड कोरडं म्हणते. भरतकामाच्या सुईत तिला दोरा ओवता येत नाही, मी ओवून देते. टाचेला काटा लागला होता तो मृतांच्या दिवसाआधी, जखम अजून ओली आहे. ती चिंधी बांधून वर चप्पल घालते म्हणजे कुणाला दिसत नाही. तुम्ही दरवेळी बाबांचं वजन विचारता. शुंका.


तुश्त्ला
१९ नोव्हेंबर २००४

शुंका,

हे पत्र तुझे बाबा घरात असताना मोठ्याने वाच. आई ओरडली तरी थांबू नकोस.

ताई, तहान, नजर, न भरणारी जखम. बाबांचं असंच सुरू झालं होतं. तुला साखर झालीय, मला तपासायचीही गरज वाटत नाही, पण तपासायची आहे. आजपासून एक थेंब प्यायचा नाहीस. पाच तारखेला तर मुळीच नाही. त्या दिवशी तू शालीखाली बसून बाटल्या रिचवल्यास तर काय होईल ते मला लिहवत नाही. गाडी येईल तिच्यात बसून तुश्त्लाला ये.

युक्ती उत्तम, असं मीच लिहिलं होतं. शुंकाने सप्टेंबरमध्ये सांगितलं होतं आणि मी ते वाचून पुढे गेलो. मला तेव्हा फक्त दाजी दिसत होते. ताई, मला माफ कर, आणि ये.

रोमिन


सिनाकांतान
२८ नोव्हेंबर २००४

रोमिन,

येणार नाही. पाच तारखेनंतर येईन.

शुंकाने वाचलं. शब्द न् शब्द वाचला, मी लाकूड फेकून मारलं तरी वाचला. तुझ्या दाजींनी ऐकलं. उठून माझा पाय हातात घेतला, चिंधी सोडली, बघितलं, परत बांधली, आणि मळ्यात निघून गेले. तेव्हापासून घरात माणूस आहे की खांब आहे कळत नाही. झालं ना समाधान?

एक थेंब प्यायचा नाही, असं तुम्ही सगळे किती सहज म्हणता रे! आधी ह्यांना म्हणालास. ह्यांनी सोडला. म्हणजे काय झालं? लोकांनी बाटल्या पुढे करायच्या थांबवल्या? मयतं थांबली? भांडणं थांबली? आता मला म्हणतोस सोड. मी सोडला तर पाच तारखेला कोण पिणार? शुंकाने प्यायचं स्वतःच्या मागणीचं? कुत्र्याने? तू येणार आहेस? तुला रजा नाही, तुझ्या डॉक्टरीणबाईंना तुझ्याशिवाय काटा वाचता येत नाही.

माझी एकच मुलगी आहे. तिला लुकाश हवाय, आणि मात्यो परत येणार नाही. एक दिवस. एका दिवसाने काही मरत नाही कुणी.

काताल

मामा, मी आईला म्हटलं, नको मला लग्न. तिने माझ्या तोंडात मारली. मग रडली. शुंका.


सिनाकांतान
८ डिसेंबर २००४

रोमिन,

बसला असशील नखं खात. ऐक, सगळं सांगते, पण मधे शहाणपणा सुचला तर तो मनातच ठेव.

पाच तारखेला उजाडता उजाडता ते आले. मात्यो, बायको, भाऊ, शाप. या वेळी खोके जास्त, कारण मागच्या वेळचा अपमान धुवायचा होता. मी शाल पांघरून ह्यांच्या मागे बसले. शुंका चुलीशी, दाराच्या फटीतून बघत होती, लिहिताना आता लाजते आहे ती.

सगळं रीतीने झालं. शाप म्हणाला, "तुमच्या अंगणातलं एक फूल मागायला आलोय." हे म्हणाले, "फूल कसलं, तण आहे. आळशी आहे. तिची भाकरी कुत्रं खात नाही." त्यांनी परत मागितलं, ह्यांनी परत नाकारलं. या वेळी ह्यांनी इतकं मन लावून नाकारलं की मात्योच्या चेहऱ्यावर समाधान दिसायला लागलं. मग मात्योने बूच उडवलं आणि बाटली पुढे धरली. शाप ठरल्याप्रमाणे क्रुसाकडे बघायला लागला.

ह्यांनी बाटली घेतली. दोन्ही हातांनी. मी शालीखालून हात पुढे केला. माझा हात तिथे तसाच राहिला, रोमिन. बाटली आलीच नाही. हे उठले, अंगणाच्या मध्यावर गेले, खाली वाकले आणि बाटली भुईवर ओतायला लागले.

चार थेंब भुईला द्यायचे ही रीत आहेच. सगळ्यांना वाटलं, चार थेंब देतायत. हे ओततच राहिले. फेस आला, माती काळी झाली, बाटली रिकामी झाली. ह्यांनी ती उलटी करून दाखवली. मला वाटलं, झालं, पोरीचं नशीब भुईत जिरलं.

मात्यो म्हणाला, "आणि तू?"

हे म्हणाले, "मात्यो, मी सान लोरेन्सोपुढे शपथ घेतलीय. ती मोडली तर माझा जीव डोंगरात कोंडला जाईल, वाडवडील सांगतात तसा. आजवर माझ्या वाटचं माझी बायको प्याली. तुमच्या सगळ्यांच्या घरी प्याली. तिचा पाय सडायला लागलाय आणि मला दुसऱ्याच्या पत्रातून कळलं. आता ती पिणार नाही. मी जिच्यात पेरतो ती भुई माझ्यापेक्षा मोठी आहे. ती प्याली. तुला तिचा शब्द पुरत नसेल तर माझा घेऊन काय करशील?"

या माणसाने लग्नापासून इतकी वाक्यं एका दमात कधी उच्चारली नव्हती. मला तर लाजेने भुईत शिरावंसं वाटलं. गावभर चारचौघांत माझा पाय! मात्योची बायको माझ्याकडे बघायला लागली. तिने उठून येऊन माझी शाल बाजूला केली, टाचेची चिंधी बघितली आणि नवऱ्याला म्हणाली, "माझ्या आईची अशीच होती."

मग म्हातारा शाप क्रुसाकडून मान वळवून म्हणाला, "माणूस पितो आणि विसरतो. भुई प्याली ते कोण परत घेणार? असं घट्ट लग्न मी लावलेलं नाही." म्हातारा भलता वस्ताद. मात्योने दुसरी बाटली उघडली, स्वतः जाऊन ओतली. मग भावांनी ओतली. सगळे खोके ओतले. अंगणात एवढा चिखल झाला की कोंबड्यांचे पाय चिकटले आणि दुपारी मुंग्या आल्या त्या अजून गेल्या नाहीत. लग्न ठरलं. एप्रिलमध्ये.

ते गेल्यावर मी ह्यांना धरलं. म्हटलं, "हे ओतायचं तुम्हाला ऑगस्टमध्ये सुचलं नाही? त्या पहिल्या सकाळी सुचलं असतं तर? मी गावभर पीत फिरले, पट्टा बसेना, डोळे गेले, आणि आता तुम्हाला भुई आठवली?"

ह्यांनी मान खाली घातली. म्हणाले, "मला वाटलं, तुला आवडतं."

मी वाजवणारच होते एक. पण शुंका, हे जसंच्या तसं लिही: खरं म्हणजे आवडायचं. पहिली बाटली फार आवडायची. दुसरीही. पण कुणी एकदा विचारलं असतं, काताल, तुला झेपतंय का, तर मी नाही म्हटलं असतं. ह्यांनी विचारलं नाही. तूही नाही. आकडा कळव, आकडा कळव, प्रत्येक पत्रात दाजींचा आकडा. माझी सख्ख्या भावाला आठवण झाली ती पाय सडल्यावर.

काल हे मला सान क्रिस्तोबालच्या दवाखान्यात घेऊन गेले. साखर आहे, पुष्कळ आहे. पाय वाचेल म्हणाले, वेळेवर आलात. कितीदा तरी बोटाला टोचलं. मला रडू आलं, दुखलं म्हणून नाही. बाबांचा चेहरा डोळ्यांपुढे आला. ह्यांनी परत येताना बसमध्ये माझा पाय मांडीवर घेतला आणि सगळ्यांदेखत घरापर्यंत तसाच धरून ठेवला. मी म्हटलं सोडा, लोक बघतायत. सोडला नाही.

तुझं म्हणणं खोटं नव्हतं, रोमिन. कोला सोडला, त्यामागचा गूळ सोडला, तर वजन उतरतं. मी डोळ्यांनी बघितलं. आता माझं उतरवायचं आहे. गुरुवारच्या गाडीने येतेय, हेही येतायत. कोंबडी आणत नाही, तुझ्यावर अजून राग आहे.

आणि एक कर. तुझ्या दवाखान्यात उद्या कुणीतरी पोटवाला येईल, त्याला तू कोला सोड म्हणशील. म्हण. पण बाहेर बाकावर त्याची बायको बसली असेल, तिलाही आत बोलाव, आणि तिला आधी काट्यावर उभी कर.

काताल